हट्टी बाळाचा घास

(राष्ट्रीय पोषण महिन्यानिमित्त तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या ग्रामपंचायत अधिकारी, प्राथमिक शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



मी आहारतज्ज्ञ नाही आणि वैद्यही नाही. मराठी वाङ्मय घेऊन पदवीधर झालो आणि गेली वीसएक वर्षे शासनाच्या योजनांची माहिती लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम करीत आहे. त्यामुळे 'न जेवणाऱ्या बाळाच्या घासात पोषण कसे मिसळावे' या विषयावर बोलण्यासाठी मला पाचारण करण्यात आले, तेव्हा क्षणभर संकोच वाटला. परंतु विचार करता एक गोष्ट ध्यानात आली. आजवर आम्ही जी असंख्य माहितीपत्रके काढली, त्यांत 'बाळाला चौरस आहार द्या' हे वाक्य ठळक अक्षरांत छापलेले असते. बाळ तोंडच उघडीत नसेल तर काय करावे, हे मात्र कोठेही छापलेले नसते. ती राहून गेलेली ओळ आज आपल्यापुढे वाचावी, एवढाच माझा हेतू आहे.

गेल्या वर्षी भाद्रपदात पेठ तालुक्यातील एका पाड्यावर मी अंगणवाडी सेविकेबरोबर घरभेटीसाठी गेलो होतो. पावसाची उघडीप होती. ओट्यावर आजी नागली निवडीत बसली होती आणि तिच्या मांडीला टेकून दीड वर्षाचा नातू उभा होता. आईवडील दोघेही भाताच्या निंदणीला गेलेले. सेविकाताईंनी बाळाचे वजन केले, ते साडेआठ किलो भरले. दीड वर्षाच्या मुलाचे वजन सर्वसाधारणपणे अकरा किलोंच्या आसपास असावे; ते ८ किलो ८०० ग्रॅमच्या खाली गेले की वाढीच्या तक्त्यावर 'कमी वजन' असा शेरा पडतो. आजी म्हणाली, "काय करू साहेब, हा काही खातच नाही. घास तोंडाशी नेला की मान फिरवतो. भाकर नको, भात नको, भाजी तर थुंकूनच टाकतो."

सेविकाताई अनुभवी होत्या. त्यांनी उपदेश केला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "आजी, आज सकाळपासून त्याच्या पोटात काय काय गेलं ते सांगा बरं." आजी आठवून आठवून सांगू लागली. सकाळी चहात बुडवून दोन बिस्किटे. नऊच्या सुमारास थोरल्या भावाने दुकानातून आणलेला पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. दुपारी वरणाच्या पाण्यात कालविलेला भात, तोही दोनच घास. मग झोप, आणि उठल्यावर रडू लागला म्हणून पुन्हा चहा, पुन्हा बिस्कीट. मी मनाशी मोजदाद केली. त्या मुलाने दिवसात चार वेळा तोंड उघडले होते आणि त्यांपैकी तीन वेळा ते दुकानच्या जिनसांसाठी उघडले होते. दुपारची थाळी पुढे येण्यापूर्वीच त्या इवल्याशा पोटातील भूक खर्च होऊन गेली होती. आजीच्या दृष्टीने मूल काही खात नव्हते, आणि तिचे म्हणणे एका अर्थी खरेही होते.

ही कथा केवळ एका पाड्याची नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील शंभरांपैकी जवळजवळ ६९ मुलांमध्ये रक्ताची कमतरता दिसून आली. देशभराचा विचार करता सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांपैकी ज्यांना पुरेसा आहार मिळतो, अशी मुले शंभरांत अकराच्या आसपास होती. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि त्यांत आपल्या मेळघाटातील धारणीचाही समावेश होता. तेव्हापासून अर्धे शतक उलटले. या अवधीत पुष्कळ काम झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या योजनेच्या रचनेतच एक फट आहे. तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत येते, आपल्या डोळ्यांदेखत गरम जेवण जेवते. सहा महिने ते तीन वर्षांचे मूल मात्र घरी असते. त्याच्या वाट्याचा आहार पाकिटातून घरी जातो आणि पुढे त्या पाकिटाचे काय होते, ते आपणांस दिसत नाही. उंची खुंटण्याचे बहुतेक नुकसान तर याच वयात होते. नंतर ते भरून काढणे फार अवघड जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या वयातील मूल खायला नकार का देते? त्यात हट्ट असतोच, पण त्याहून साधे एक कारण असते. जन्मतः सुमारे तीन किलो वजनाचे बाळ वर्षाचे होईतो नऊ किलोंच्या घरात जाते, म्हणजे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात त्याचे वजन अवघे दोन-अडीच किलोंनी वाढते. वाढीचा वेग मंदावतो, त्याबरोबर भुकेचा जोरही ओसरतो. आणि पहिल्या वर्षातील त्याची खाखा पाहिलेल्या आईला वाटते, याचे जेवणच तुटले. त्यात ते चालू लागलेले असते, त्याला एका जागी बसायचे नसते. अनोळखी चव नाकारण्याची वृत्तीही याच सुमारास जोर धरते. अमेरिकेत लीअन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात दोन वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून दाखविले की, नवा पदार्थ आवडू लागण्यासाठी मुलाला तो आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा चाखावा लागतो. आपल्या घरांत दुसऱ्या वेळेलाच निकाल दिला जातो, की याला भोपळा आवडत नाही. मग भोपळा त्या ताटातून कायमचा हद्दपार होतो.

दुसरी अडचण पोटाच्या आकाराची. आठ-साडेआठ किलोंच्या बाळाच्या जठरात एका वेळी पाव लिटरच्या आसपासच अन्न मावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार एक ते दोन वर्षांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ५५० कॅलरी मिळाव्या लागतात. आता हिशेब करून पाहा. पातळ पेजेच्या एका वाटीत, ढोबळ मानाने, साठेक कॅलरी असतात. म्हणजे बाळाने दिवसाला नऊ वाट्या पेज प्यायला हवी. ते अशक्य आहे. तीच वाटी मऊ खिचडीची असेल, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट असेल, तिच्यात डाळ बोटांनी मोडून घातलेली असेल आणि वरून चहाचा एक चमचा तेल किंवा तूप सोडलेले असेल, तर ती पावणेदोनशे कॅलरींच्या जवळ जाते. मग तीन वाट्यांत दिवस निभावतो. त्या एकट्या चमचाभर तेलाने चाळीसेक कॅलरी वाढतात आणि बाळाला ते कळतही नाही. घासात पोषण दडवायचे म्हणून आपण नाना युक्त्या शोधतो. माझ्या मते त्यांतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित युक्ती ही चमचाभर तेलाची आहे. बाळाला तेल बाधते, खोकला होतो, हा समज आजीच्या मनातून काढणे हेच अवघड काम आहे.

वरणाच्या पाण्याविषयीही येथेच बोलून घेतो. डाळ खाली बसते, वरचे पिवळे पाणी बाळाला जाते आणि डाळ मोठ्यांच्या ताटात पडते. त्या पाण्यात हळद असते, मीठ असते, आणि प्रथिने नावापुरती. पिढ्यान् पिढ्या आपण प्रेमाने बाळाला पाणी पाजत आलो आहोत.

प्रथिनांचे नाव निघाले की सुशिक्षित घरांत लगेच डब्यातल्या भुकटीची आठवण होते. या संदर्भात सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेल्या एका थोर संख्याशास्त्रज्ञाचे स्मरण करणे उचित होईल. डॉ. पां. वा. सुखात्मे हे १९५१ ते १९७० या काळात संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. ज्या काळात जगभर प्रथिनांच्या तुटवड्याचा गवगवा चालला होता, त्या काळात त्यांनी आकडेवारीच्या आधारे असे प्रतिपादन केले, की धान्य आणि डाळ हा आपला नेहमीचा आहार पोटभर मिळाला तर प्रथिनांची गरज बहुतांशी त्यातच भागते. खरी उणीव पोटभर अन्नाची, म्हणजे ऊर्जेची आहे, आणि ऊर्जा अपुरी पडली की खाल्लेली प्रथिनेही शरीर जळणासारखी वापरून टाकते. डॉ. सुखात्मे यांच्या पुढील काळातील काही मतांवर पुष्कळ वाद झाले, ते येथे अप्रस्तुत आहेत. परंतु हा एक मुद्दा बाळाच्या वाटीला आजही लागू पडतो. महागडी भुकटी दुधात ढवळण्यापूर्वी खिचडी घट्ट झाली का, तिच्यात तेल पडले का, हे पाहावे.

घट्ट अन्नाची एक पंचाईत अशी, की लहान बाळाला ते गिळता येत नाही. म्हणून आई त्यात पाणी घालते आणि पुन्हा सारे पातळ होते. यावर आपल्या घराघरांत असलेला तोडगा म्हणजे मोड. नागली रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, उन्हात खडखडीत वाळवावी आणि हलकेच भाजून दळावी. धान्याला मोड येताना त्यात एक प्रकारचे विकर तयार होते. ते पिष्टमय पदार्थाचे तुकडे करते. घट्ट शिजलेली कोमट खीर असावी, तिच्यात या पिठाचा एक चमचा टाकून ढवळावे, थोड्याच वेळात ती सैल होते. मग एक कढ द्यावा. पाणी न घालता खीर पातळ झाली, म्हणजे पोषण तेवढेच राहिले आणि गिळणे सोपे झाले. बडोद्याच्या विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात या पद्धतीचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात ते दहाच्या घरात असते. आपल्याकडे नाचणीचे सत्त्व करताना ती वाटून गाळून घेतात. सत्त्व पांढरेशुभ्र दिसते खरे, पण गाळलेल्या चोथ्याबरोबर बरेच काही निघून जाते. मोडाचे पीठ न गाळता वापरावे, असे मी सुचवीन.

आता प्रत्यक्ष दडविण्याच्या कलेकडे येऊ. या कलेत आपल्या आज्या निष्णात होत्या. त्यांनी तिला पोषण हे नाव दिले नव्हते, इतकेच. लाल भोपळा शिजवून गुळासह पिठात मळला की त्याचे घारगे होतात. मुले ते गोड म्हणून खातात आणि भोपळ्यातील अ जीवनसत्त्वाला लागणारा स्निग्धांश तळणीतून आपोआप मिळतो. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजविले की दशमी होते. थालीपिठाच्या भाजणीत चार-पाच धान्ये-डाळी एकत्र येतात, आणि त्यात किसलेला दुधी, बारीक चिरलेली मेथी, शेवग्याचा कोवळा पाला बेमालूम मिसळतो. मऊ भात, तूप आणि मेतकूट या तिन्हींत डाळ कोठे आहे हे बाळाला समजत नाही. शेंगदाण्याचे कूट तर खिरीत, भाजीत, भाकरीच्या कुस्करात, कोठेही जाते. पोहे खाण्याच्या चमच्याने एक चमचा कूट म्हणजे पन्नासेक कॅलरी आणि अडीच ग्रॅमच्या जवळपास प्रथिने. ज्या भागात खुरासणी पिकते तेथे तिची चटणी तिखट न घालता बाळासाठी वेगळी काढता येते. ज्या घरात अंडे चालते, तेथे एक अंडे फेटून गरम खिचडीत घालावे आणि चांगले शिजू द्यावे. सहा ग्रॅम प्रथिने घासात विरून जातात. एक खबरदारी मात्र घ्यावी. अख्खा शेंगदाणा, फुटाणा किंवा डाळिंबाचा टपोरा दाणा इतक्या लहान मुलाच्या हाती देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकून मुले दगावतात. कूटच द्यावे.

शेवग्याच्या पाल्याची पूड हल्ली फार गाजते आहे. पाला गुणकारी आहे, यात शंका नाही. पण चिमूटभर पूड भुरभुरली आणि कर्तव्य संपले, असे मानू नये; चिमटीत मावते तेवढेच त्यातून मिळते. लोहाच्या बाबतीत तर आणखी एक सूत्र आहे. पालेभाजीतील आणि धान्यातील लोह शरीराला सहजी मिळत नाही. लिंबाचे चार थेंब किंवा पेरूची फोड सोबत असेल तर ते अधिक शोषले जाते आणि जेवणाच्या आगेमागे चहा झाला तर अडते. बाळाच्या चहाचे दुहेरी नुकसान आहे, ते असे. आणि इतके करूनही या वयात अन्नातून लोह पुरेसे मिळणे कठीण असते, म्हणून आशाताई आठवड्यातून दोनदा द्यावयाचे जे औषध देतात, ते फडताळात पडून राहू नये.

येथे मी आपल्याच घरांतील एक गोष्ट सांगतो, कारण हट्टी बाळे केवळ पाड्यांवर नसतात. माझी मुलगी दोन वर्षांची असताना पांढऱ्या रंगाखेरीज काही खात नसे. दूध, दहीभात आणि पुन्हा दूध. दिवसाकाठी पाऊण लिटर दूध पिऊन ती तुडुंब राही आणि आम्ही नवराबायको दूधच पिते ना, म्हणून समाधान मानीत असू. डॉक्टरांनी रक्त तपासले, हिमोग्लोबिन नऊच्या खाली निघाले. दूध उत्तम, परंतु त्यात लोह जवळजवळ नसते आणि ते इतर अन्नाची जागा अडविते, हे मला तेव्हा प्रथम कळले. माझी आई गावाहून आली. तिने दूध दोन वेळांवर आणले आणि धिरड्यात, थालीपिठात, घारग्यांत आपली कला सुरू केली. तीन आठवडे सारे सुरळीत चालले. एके दिवशी मेथीचे एक पान नीट चिरले गेले नव्हते, ते मुलीला सापडले. तिने ते दोन बोटांत धरून वर केले, आमच्याकडे एकदा पाहिले, आणि त्यानंतर चार दिवस थालीपिठाला स्पर्श केला नाही. आपल्याला फसविले गेले आहे हे तिला उमगले होते.

आईने मग डाव बदलला. मेथीची जुडी जमिनीवर पसरली आणि नातीला म्हणाली, "मला जरा पानं खुडून दे गं, माझ्याच्यानं होत नाही." मुलगी तासभर पाने खुडीत बसली. मध्येच एक पान तिने आपण होऊन तोंडात टाकले, तोंड वाकडे केले, थुंकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याने ती मेथीचे थालीपीठ 'मी केलेलं' म्हणून खाऊ लागली. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की घासात पोषण अवश्य दडवावे, कारण आजची भूक आजच भागवावी लागते. परंतु तोच पदार्थ रोज ताटाच्या कडेला उघडाही दिसला पाहिजे, हाताळू दिला पाहिजे, सांडू दिला पाहिजे. नाहीतर मूल वाढेल, पण त्याची भाजीशी ओळखच होणार नाही.

शिक्षक मंडळींना यात नवे काही वाटू नये. 'अंगणवाडी' ही कल्पनाच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केले त्यातून आली. मूल शाळेकडे येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी आणि त्याच्या भोवतालच्या पानाफुलांतून त्याला शिकवावे, हा त्यांचा मार्ग होता. आपल्या शाळेत परसबाग आहे. तिच्यातील शेवगा, पपई, लाल भोपळा पाहायला घरच्या धाकट्या भावंडांना बोलवावे. तो पाच रुपयांचा पुडा घरी नेणारा थोरला भाऊ आपल्याच वर्गात बसतो, हेही विसरू नये. त्या पाच रुपयांत एक केळे येते, हे त्याला सांगण्याचा अधिकार आईपेक्षा गुरुजींना अधिक आहे.

काही प्रसंगी मात्र युक्त्या बाजूला ठेवाव्या लागतात. मूल एकाएकी खायचे थांबले, तर तोंडात फोड आहे काय, ताप किंवा जुलाब आहेत काय, जंत झाले आहेत काय, हे आधी पाहावे. सहा महिन्यांवरील बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर ते हट्टी मूल नव्हे. त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. आणि नाक दाबून, हात धरून, धाक घालून भरविणे कोणत्याही मुलाच्या बाबतीत करू नये. त्याने घास पोटात जातो आणि जेवणाची भीती मनात बसते. हातात मोबाईल देऊन भरविण्याची नवी रीतही मला फारशी बरी वाटत नाही. मूल काय गिळते आहे ते त्यालाच कळत नसेल, तर चव कशी ओळखीची होणार?

शासकीय सेवक या नात्याने एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. घरी न्यावयाच्या आहाराची जी पाकिटे आपण वाटतो, त्यांतील मिश्रण मुलांना आवडत नाही, ते गुरांच्या पुढ्यात जाते, अशी तक्रार मी अनेक पाड्यांवर ऐकली आहे आणि एका गोठ्यात ते पाकीट डोळ्यांनी पाहिलेही आहे. अशा वेळी आईला दोष देऊन आपली सुटका होत नाही. जी वस्तू मोठ्या माणसाला नुसती खाववत नाही, ती दीड वर्षाच्या बाळाने खावी, ही अपेक्षा चुकीची आहे. त्या पाड्यावर सेविकाताईंनी काय केले ते सांगतो. त्यांनी तेच मिश्रण नागलीच्या पिठात निम्मे मिसळून, खुरासणीचे तेल घालून, छोट्या भाकऱ्या थापून दाखविल्या. आजीच्या चुलीवर, आजीच्याच हातून. बिस्किटाच्या वेळेला त्या भाकरीचा तुकडा हातात दिला. पुडा बंद झाला. दुपारी डाळ मोडलेला भात, वर तेल. आणि दिवसातून चार वेळा थोडे थोडे. भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत त्या मुलाचे वजन साडेआठ किलोंवरून नऊ किलो झाले. या वयात दोन महिन्यांत पाचशे ग्रॅम, ही उत्तम वाढ समजावी.

दिवाळीनंतर ते कुटुंब द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरीकडे गेले. पाड्यावरची निम्म्याहून अधिक घरे जातात, हे आपणांस ठाऊक आहे. आजी मागे राहिली. बाळ आईबरोबर गेले. बागेच्या कडेला ताडपत्रीखाली, सकाळी आईने केलेली भाकरी, आणि दुपारी दुकानचा पुडा, असे चार महिने गेले. शिमग्याला मंडळी परत आली तेव्हा सेविकाताईंनी पुन्हा वजन केले. ते नऊ किलो शंभर ग्रॅम भरले. चार महिन्यांत शंभर ग्रॅम.

मला सरपंच आणि सदस्य मंडळींशी बोलायचे आहे, ते या शंभर ग्रॅमविषयी. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाची असते. ती कोठे खर्च होते, हे पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे. त्यातून प्रत्येक पाड्यावर मोडाचे पीठ दळून घेण्याचा खर्च निघू शकतो. निंदणीच्या आणि कापणीच्या दिवसांत दोन वर्षांखालील मुलांना दुपारी एकत्र भरविण्यासाठी गावातील एखाद्या बाईला मानधन देता येईल. स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक घराची यादी दिवाळीपूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आणि सेविकेने मिळून करावी. बाळाचे नाव पोषण ट्रॅकरवर आहेच, पण मुक्कामाच्या गावच्या अंगणवाडीचे नाव लिहिलेली चिठ्ठी आणि दोन किलो पिठाचा डबा आईच्या हाती असू द्यावा. आणि ज्या गावांत ही मंडळी कामाला जातात, तेथील सदस्य आज या सभेत असतील, तर त्यांनी आपल्या अंगणवाडीचे दार या मुलांसाठी उघडे आहे असे बागायतदारांना एकदा सांगावे. ते बाळ आता अडीच वर्षांचे झाले आहे. येत्या दिवाळीनंतर तेही पुन्हा गाडीत बसेल.

माझा वेळ संपला. बाहेरच्या पडवीत सेविकाताईंनी दोन पातेली मांडली आहेत. एकात आपली नेहमीची पातळ पेज आहे, दुसऱ्यात मोडाच्या पिठाची, तेल सोडलेली खीर. शेजारी त्या मिश्रणाच्या छोट्या भाकऱ्याही आहेत. चहापूर्वी प्रत्येकाने दोन्ही पातेल्यांतील एकेक चमचा घेऊन पाहावा, आणि भाकरीला काय कमी पडते आहे ते ताईंना मोकळेपणाने सांगावे. उद्या त्या दुसऱ्या पाड्यावर जाणार आहेत.